‘गावातच राहिला बिचारा’

दहावीनंतर मीही लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीची स्वप्नं पाहिली. नोकरी काही लागली नाही, म्हणून ‘गावातच राहिला बिचारा’ ही पदवी लागली. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, तेव्हाही मी स्टेशनावर गेलो तो गाडी बघायला. आता गणपतीला आलेले चाकरमानी माझ्याच पडवीत पाय पसरतात, ‘काय शांतता रे!’ म्हणतात आणि ती शांतता स्टेटसला टाकायला रेंज शोधत सड्यावर धावतात. परवा एकानं विचारलं, ‘ह्या पडवीचं एका रात्रीचं काय घेशील?’ (मुंबईतल्या खोलीचे हप्ते फेडण्यात हयात गेली बिचाऱ्याची.) मी त्याला पेज वाढली, वर आंब्याचं लोणचं. भाव सांगणार होतो, पण तेवढ्यात झोप लागली.