टिळकांनी दिलेली 'स्पेस'

मोठा निर्णय जोडीदाराशी बोलून घ्या, असे विवाह समुपदेशक हल्ली सांगतात. नगरला कर्मभूमी केलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे कुणी सांगितले नसावे. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नी लक्ष्मीबाईंना न विचारता. मग सुमारे पाच वर्षांची ताटातूट. आजच्या भाषेत, ऐसपैस 'स्पेस'!

नातेवाइकांनी काय केले? आजही करतात तेच. सल्ले दिले.

पुढे लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याकडे आल्या, पण सोवळे सोबत घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. अशा संसाराला आज कुठल्याही बैठकीत चार शहाण्यांनी 'जमणार नाही' म्हणून निकालात काढले असते. 1900 मध्ये मात्र लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या हुकमावरून नव्हे, स्वतःला पटल्यावर.

परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्याने सहा महिने थांबायला सांगितले आहे. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तेही माफ होऊ शकतात. तेवढ्या अवधीत लक्ष्मीबाईंचा राग सोडा, सोवळेही सुटले नसते.

या संसाराची हकिकत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातून 1934 पासून पुस्तकरूपाने आली, ती बायकोच्या बाजूने. टिळक 1919 मध्येच गेले होते. खुलासा छापायला कुणी उरलेच नव्हते.