जठर आणि जिव्हाळा

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत जठराचा आकार कमी केला जातो. नातेवाइकांची संख्या तेवढीच राहते. या विषयातली बहुतेक गुंतागुंत एवढ्याच विसंगतीतून निर्माण होते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि १०० ते १५० मिलिलिटरची, केळ्याच्या आकाराची नळी मागे ठेवतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी शिल्लक राहते आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून ती पुढच्या आतड्याला जोडली जाते. घ्रेलिन हे भूक चाळवणारे संप्रेरक मुख्यतः स्लीव्हमध्ये कापलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. मराठी घरात मात्र वाढण्याचा भुकेशी संबंध मुळातच बेताचा असतो. तिथे वाढणे हे प्रेम, पुन्हा घेणे ही त्याची पोचपावती आणि ‘नको’ म्हणजे रुसवा. त्यामुळे शस्त्रक्रिया एकाच्या पोटावर होते आणि पथ्य सगळ्या घराला लागते.

आहार पायरीपायरीने वाढवतात. पहिले काही दिवस नारळपाणी, पातळ ताक, वरणाचे वरचे पाणी. मग दूध, मुगाचे कढण, प्रोटीन पावडर. त्यानंतर मिक्सरमधून फिरवलेले वरण, पुढे मऊ खिचडी, उकडलेले अंडे, पनीर, वाफवलेला मासा. पोळी, भाकरी आणि मटण यांचा नंबर सर्वांत शेवटी, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी लागतो. या काळात रुग्णापेक्षा त्याची आई जास्त खंगते. गाळणीतून वरण गाळताना ती एकदा दाराकडे बघते, वाटीत चमचाभर तूप सोडते आणि पकडली गेल्यास म्हणते, “तेवढ्यानं काय होतंय? नुसतं पाणी का प्यायचं माणसानं?”

रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिने असतात. त्यामुळे शाकाहारी रुग्णाला जेवणापूर्वी थोडे गणित करावे लागते. नियम असा की आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरलीच तर पोळी किंवा भात. पारंपरिक पानाची सुरुवातच वरणभातापासून होते, त्यामुळे हा नियम ज्येष्ठांना अधर्म वाटतो. प्रत्येक घास वीस-तीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवल्यावरही अर्धा तास थांबायचे. परिणामी बाकीचे हात धुऊन, बडीशेप खाऊन मालिकेचा एक भाग बघून येतात, तेव्हा रुग्ण अर्ध्या वाटी उसळीच्या मध्यावर असतो. लगेच कुणीतरी विचारतेच, “आवडली नाही का उसळ?”

इथून आग्रहाचे प्रकरण सुरू होते. आग्रहाचे चार प्रकार आढळतात. संख्यावाचक: “एकच घे.” भावनिक: “मी केलीय म्हणून नको का?” वैद्यकीय: “घरचं तूप आहे, बाधत नाही.” आणि चौथा, मूक: बोलणे चालू असताना मागून येऊन पानात वाढणे. चौथा सर्वांत घातक, कारण पानात टाकू नये हा संस्कार शस्त्रक्रियेत काढला जात नाही. एक घास जास्त झाला तरी छातीत अडकल्यासारखे होते, तोंडाला फेसाळ पाणी सुटते आणि बऱ्याचदा उलटी होते. ती यजमानांच्या डोळ्यांदेखत झाली, तर आग्रह मात्र कायमचा बरा होतो.

गोडाचा मामला वेगळा. बायपासनंतर साखर किंवा गूळ भरभर आतड्यात उतरला की दहा ते तीस मिनिटांत छातीत धडधड, घाम, चक्कर आणि जुलाब सुरू होऊ शकतात. याला डंपिंग म्हणतात. उकडीचा मोदक नाकारला तर देव रागावेल अशी भीती असते. खाल्ला तर आरती संपायच्या आत प्रसाद पावतो. उपासाच्या साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण पाळायला जठरात जागा नसते.

कमी खाल्ल्यामुळे, आणि बायपासमध्ये कमी शोषले गेल्यामुळे, जीवनसत्त्वे व खनिजे गोळ्यांमधून घ्यावी लागतात आणि ती जन्मभर. त्यांत ब१२, ड, लोह आणि कॅल्शियम येतात. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचे अंतर लागते, कारण कॅल्शियम लोहाचे शोषण बिघडवते; चहाही लोहाच्या आड येतो. आल्यागेल्याबरोबर चहा घेणाऱ्या माणसाच्या दिवसात लोहासाठी रिकामी वेळ शोधणे हे वेळापत्रकातले अवघड कलम आहे. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केसही गळतात. वजन झपाट्याने उतरल्याने केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि पुरेशी प्रथिने, लोह मिळत राहिल्यास बहुधा परत येतात. कंगव्यात अडकलेला पुंजका उजेडात धरून सासूबाई म्हणतात, “तरी मी सांगत होते, तूप सोडू नकोस.”

शस्त्रक्रियेची गोष्ट बरेच जण लपवतात. ‘पोट कापून बारीक झाली’ असे ऐकण्यापेक्षा ‘दीक्षित करतेय’ असे सांगणे सोपे जाते. अडचण अशी की डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीत दिवसातून दोनदाच जेवायचे असते, आणि शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे लागते. लग्नघरात दर दोन तासांनी पर्समधून पनीरचे तुकडे निघू लागले की चुलत जावांच्या नजरा बदलतात. काही आठवड्यांनी भेटलेली शेजारीण काळजीने विचारते, “शुगर निघाली का हो?” आणि खरे उत्तर दिले तरी तिचा विश्वास बसत नाही.

घरातल्या भूमिकाही बदलतात. प्रत्येक घरात उरलेसुरले संपवणारा एक माणूस असतो. तो निवृत्त झाला की फ्रीजमधल्या वाट्या वाढतात आणि कोण किती स्वयंपाक करते यावर पहिल्यांदाच चर्चा होते. मित्रमंडळींच्या ‘बसण्या’तूनही माणूस गळतो, कारण बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, व्यसनाचा धोकाही वाढतो. चखणा तर आधीच गेलेला असतो.

नवरा-बायकोच्या नात्यात जे आधीपासून असते, तेच ठळक होते. स्वीडनमधल्या रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर जोडीदार असलेल्यांमध्ये वेगळे होण्याचे प्रमाण वाढले आणि एकट्यांमध्ये नवे नाते किंवा लग्न जुळण्याचेही प्रमाण वाढले. म्हणजे बारीक झालेला माणूस घराबाहेर पडतो किंवा घर मांडतो. बहुसंख्य मात्र आहे तिथेच राहून ब्लाउज आत घेतात. ‘पूर्वीच बरी दिसायचीस’ हे वाक्य नवऱ्याच्या तोंडी आले, तर त्यात सौंदर्यदृष्टीपेक्षा धास्ती जास्त असू शकते. अशा वेळी आहारतज्ज्ञाइतकाच समुपदेशकही उपयोगी पडतो. ‘गोड बातमी कधी?’ विचारणाऱ्यांना मात्र वैद्यकशास्त्राचे उत्तर तयार आहे: गर्भधारणा १२ ते १८ महिने लांबवावी. वजन उतरल्यावर गर्भ राहण्याची शक्यता वाढते, म्हणून या काळात गर्भनिरोधनही काळजीपूर्वक करावे लागते.

पहिल्या दीड वर्षात वजनाची मोठी घसरण होते; पुढे काहींचे थोडे वजन परत चढते. जठराची नळी वाटीभर भात रोखते, पण दिवसभर मूठमूठ जाणारे फरसाण, मिल्कशेक आणि कोल्ड्रिंक रोखत नाही. पोटाची भूक शस्त्रक्रियेने कमी होते. कंटाळा, भांडण आणि क्रिकेटचा सामना यांमुळे लागणारी डोक्यातली भूक शाबूत असते. पहिल्या वर्षी ठरावीक महिन्यांनी आणि नंतर दर वर्षी रक्ततपासणी करायची असते. त्या तपासणीला घरातल्या वाढणाऱ्या व्यक्तीला बरोबर न्यावे. डॉक्टर जे रुग्णाला सांगतात, ते ऐकायची गरज बहुधा तिलाच जास्त असते.