लिंकराव

चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये जागा कुणी नेमून देत नाही, तरी प्रत्येकाची ठरलेली असते. पुढे सुपरवायझर, मधे पर्मनंट झालेली जुनी मंडळी, मागे कॉन्ट्रॅक्टची पोरं. आणि मागच्या चाकावरच्या सीटवर, जिथे प्रत्येक खड्ड्याची स्वतंत्र दखल घ्यावी लागते, तिथे तोंडावर मोबाइलचा उजेड घेऊन लिंकराव. निगडीहून फस्ट शिफ्टची बस सुटते तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि सगळी बस झोपलेली असते. लिंकराव टक्क जागे. रात्री त्यांना काहीतरी सापडलेलं असतं आणि सांगायला अजून माणूस सापडलेला नसतो.

खरं नाव हजेरीच्या मशीनला ठाऊक आहे, आम्हाला लिंकराव पुरतं. हुद्दा क्वालिटी इन्स्पेक्टर, शिक्षण मोरवाडीचं आयटीआय, वय पन्नाशीच्या पुढे. खिशात पेन, सहा इंची स्टीलपट्टी आणि चष्म्याचं फडकं. ‘एक गंमत माहितीये का तुम्हाला?’ अशी सुरुवात. याला ‘नाही’ हे एकच उत्तर चालतं. नव्याच्या जोशात एका ट्रेनीने ‘हो’ म्हटलं, तर लिंकराव म्हणाले, ‘मग साल सांग.’ पोरगं लातूरकडचं, सरळमार्गी. कशाचं साल हेच न कळल्याने त्याने स्वतःचं जन्मसाल सांगून टाकलं.

इथे वाचकाने घाई करू नये. आलेलं ढकल पुढे, या जातीतले लिंकराव नव्हेत. ती जात निराळी, आणि आमच्या बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागे बसते. युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात पहिला नंबर दिल्याची बातमी दर पंधरा ऑगस्टला त्या सीटवरून सुटते आणि मागच्या चाकावर येऊन आपटते. ‘लिंक?’ लिंकराव विचारतात. लिंक नसते. ‘रिजेक्ट.’ आयुष्य गो–नो गो गेज हातात धरण्यात गेलेलं. गेजचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरंही गेलं की जॉब भंगारात. बातमीला ते हेच गेज लावतात. त्यामुळे त्यांची गंमत कितीही अचाट असली तरी बहुधा खरी निघते. हा माणूस खोटं बोलत असता तर सुटका सोपी होती.

त्यांचं आद्य दैवत म्हणजे केंब्रिजचं कॉफीचं भांडं. १९९१ साली तिथल्या विद्यापीठाच्या संगणक विभागात बऱ्याच जणांत मिळून एक भांडं होतं. लांबच्या खोल्यांतले लोक जिने चढून-उतरून यायचे आणि भांडं रिकामं. तेव्हा तिथल्या संशोधकांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि कॉफी किती उरलीय ते जाग्यावरच्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर चढलं, आणि परक्यांची कॉफी संपली की नाही हे अख्खं जग बघत बसलं. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला. भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं, जर्मनीच्या ‘डेर श्पीगेल’वाल्यांनी घेतलं. हा आकडा सांगताना लिंकरावांचा आवाज आदराने खाली येतो.

एखादा इथे थांबला असता. लिंकरावांनी कायझेन, म्हणजे सुधारणेची लेखी सूचना, दिलं. कॅन्टीनमधल्या चहाच्या टाकीवर कॅमेरा लावावा. फायदे : अनावश्यक चालणं कमी, वेळेची बचत. सोबत हाताने काढलेलं चित्र, तेही तीन बाजूंनी, मापांसकट. आठवड्याने शेरा आला : ‘चहा दहालाच येतो. कॅमेऱ्याची आवश्यकता नाही.’ मग प्रयोग घरी झाला. जुना मोबाइल ओट्यावरच्या फळीवर, दुधाच्या पातेल्यावर रोखलेला, आणि लिंकराव हॉलमध्ये पाय पसरून देखरेखीला. ‘अहो, दूध बघायचं तर उठून या की,’ म्हणत काकूंनी मोबाइलपुढे मसाल्याचा डबा ठेवला. दूध उतू गेलं. लिंकरावांनी रूट कॉज काढलं : मसाल्याचा डबा. काकूंनी काढलेलं रूट कॉज वेगळं होतं, ते त्यांनी आम्हाला सांगितलेलं नाही.

सिनेमाही त्यांच्या तपासणीतून सुटत नाही. १९५१ च्या एका हॉलिवूडपटासाठी, दलदलीत मगरीने धरलेल्या सैनिकाची म्हणून एक किंकाळी रेकॉर्ड झाली. १९५३ च्या दुसऱ्या सिनेमातल्या विल्हेल्म नावाच्या सैनिकावरून तिला नाव पडलं. १९७७ मध्ये बेन बर्ट या ध्वनिकाराने ती ‘स्टार वॉर्स’मध्ये घातली, आणि तेव्हापासून शेकडो सिनेमांत माणूस कुठूनही पडो, ओरडतो तोच. लिंकरावांना हे नुसतं सांगून भागेना. मोशीच्या पुढे, इंद्रायणीच्या पुलाच्या तोंडाशी त्यांनी भर बसमध्ये ती किंकाळी मारून दाखवली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, झोपलेले सुपरवायझर काचेवर आले, जेवणाचे डबे गडगडत पुढे गेले. ‘कोण गेलं खाली?’ ड्रायव्हर पांढराफटक. त्या दिवशी ठराव झाला की किंकाळी फक्त बस उभी असताना. पुणे–नाशिक रस्त्यावर तशी संधी वारंवार मिळते. चाकणच्या चौकात अडकून वैतागत नाही असा एकच माणूस मला माहीत आहे.

आता मूळ मुद्द्याचं. लिंकरावांचं नवल सातासमुद्रापलीकडून, मोबाइलच्या काचेतून यावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये महिंद्राने बीई ६ या विजेवरच्या गाडीची बॅटमॅन आवृत्ती काढली. आधी ३०० गाड्यांचा बेत होता, मागणी बघून ९९९ केल्या, आणि त्या १३५ सेकंदांत संपल्या. लिंकरावांना हे कुणा परदेशी माणसाच्या व्हिडिओतून कळलं. ते धावत भाच्याच्या घरी गेले. भाचा चाकणला त्याच कंपनीत, ज्या कारखान्यात ही गाडी बनते तिथेच. ‘मामा, ती गाडी आमच्याच इथली आहे,’ तो सांगायला लागला. ‘थांब रे, आधी व्हिडिओ पूर्ण बघ,’ मामा म्हणाले. भाच्याने स्वतःच्या कारखान्यातल्या गाडीची माहिती अमेरिकन उच्चारात शेवटपर्यंत ऐकून घेतली. ‘आमच्या इथं सगळं प्रत्यक्ष बघायला मिळतं,’ असं तो पुटपुटला, पण त्याला लिंक नव्हती.

क्यूआर कोडच्या वेळी मात्र काच फुटली. आमच्याकडे मालाच्या प्रत्येक बिनवर तो चौकोनी ठिपक्यांचा शिक्का असतो. लिंकराव रोज शेकड्याने स्कॅन करतात. त्यांची समजूत अशी की ही भाजीवाल्याच्या पैशांची युक्ती, मागाहून कंपनीत शिरलेली. एका रात्री त्यांना उलटा इतिहास सापडला. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ साली मासाहिरो हारा या इंजिनिअरने हा कोड काढला, तोही सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. जुन्या बारकोडमध्ये वीसेक अक्षरं मावायची, म्हणून एकेका खोक्यावर बरेच बारकोड आणि कामगारांचे हात स्कॅन करून दमलेले. हारांना ‘गो’ या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या बघून उभ्या-आडव्या ठिपक्यांची कल्पना सुचली. कोपऱ्यातले तीन चौकोन यंत्राला चटकन ओळखू यावेत म्हणून त्यांनी ढीगभर छापील कागद तपासून, छपाईत सहसा न आढळणारं काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण शोधलं : १:१:३:१:१. कारखान्यात तेल लागणार, काजळी लागणार, हे धरूनच तो बनवलेला. वरच्या प्रतीच्या कोडचा तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. कंपनीने पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत, म्हणून तो भाजीच्या गाडीपर्यंत पोचला.

म्हणजे इन्स्पेक्टरच्या टेबलावरून निघून कोड भाजीवाल्याकडे गेला होता. त्या सकाळी लिंकराव बसमध्ये एक अक्षर बोलले नाहीत. ड्रायव्हरने काळजीने आरशातून दोनदा पाहिलं. कंपनीत शिरल्यावर ते बिनच्या रांगेपुढे उभे राहिले आणि बराच वेळ तसेच राहिले, तेव्हा स्टोअरवाल्याने विचारलं, ‘शॉर्टेज आहे का साहेब?’

त्या खंडेनवमीला मशीनच्या पूजेत व्हर्निअर आणि मायक्रोमीटरच्या शेजारी स्कॅनर मांडला गेला, झेंडूच्या माळेसकट. लिंकरावांनी एका बिनवरच्या कोडलाही कुंकू लावलं. सुपरवायझर कावले : लेबल खराब केलं, आता बिन लाइनवर जायची कशी? लिंकरावांनी शांतपणे माळ बाजूला करून स्कॅनर उचलला, कुंकवावर धरला. टिक्. पार्ट नंबर, बॅच, तारीख, सगळं बरोबर. ‘हे जपानी माणसाने धरलेलंच होतं,’ ते म्हणाले. हारांना अभिप्रेत असलेल्या मळात हळदकुंकू होतं की नाही, हा प्रश्न मी प्रसंग बघून विचारला नाही.

त्यांचा असा मोकळा मूड बघून मी एक डाव टाकला. म्हटलं, लिंकराव, रोज पिंपरीवरून जाता. तिथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, १९५४ साली सरकारने उभ्या केलेल्या आपल्या एच.ए. कंपनीत, शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवरचं औषध काढलं. औषधाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून नाव दिलं, हॅमायसिन. आणि त्या जीवाला गावावरून : स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत त्याचं नाव घ्यायचं तर पिंपरी म्हटल्याशिवाय सुटका नाही.

लिंकरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पिंपरीत जन्म गेलेला माणूस. क्षणभर मला वाटलं, साधलं.

‘लिंक?’ ते म्हणाले.

मी म्हटलं, हे मी एच.ए. कॉलनीतल्या जुन्या माणसांकडून ऐकलं आणि पुस्तकात वाचलं. त्यांनी माझ्याकडे नो-गो टोक आत गेलेल्या जॉबकडे बघावं तसं बघितलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

तेव्हा वाचकांना विनंती आहे. एच.ए.मध्ये नोकरी केलेलं कुणी तुमच्या घरात असेल, किंवा त्या पिंप्रिनाची एखादी चांगली लिंक तुमच्याकडे असेल, तर कृपा करून पाठवा. मात्र रात्री अकरानंतर पाठवू नका. लिंकराव जागे असतात आणि लगेच फोन करतात.