रा. रा. नोव्हेंबर महिना यांस

रा. रा. नोव्हेंबर महिना,
मुक्काम दिल्ली, नोएडा, गाझियाबाद आणि आसपास.

सा. न. वि. वि.

आपलं आगमन झालं हे कळायला कॅलेंडर बघावं लागलं नाही. पहाटेच वडिलांचा, म्हणजे नानांचा, खोकला सुरू झाला, आईने खिडक्यांच्या फटींत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबल्या, आणि पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, नानांना रोज गच्चीवर प्राणायाम करायला सांग." भाऊ प्रेमळ आहे, फक्त कोथरूडला राहतो.

आपल्या कर्तबगारीबद्दल शंकाच नाही. १८ नोव्हेंबर २०२४ला आपण दिल्लीचा हवा निर्देशांक ४९४वर नेऊन ठेवलात. मोजपट्टी ५००ला संपते. थोडक्यात पैकीच्या पैकी हुकले. निर्देशांक ४५०च्या वर गेला की 'ग्रॅप' या प्रदूषण-नियंत्रण योजनेचा चौथा टप्पा लागतो, ट्रक सीमेवर अडतात, शाळा ऑनलाइन जातात आणि म्हाताऱ्या माणसांनी घराबाहेर पडू नये अशी सूचना निघते. नेमक्या याच महिन्यात, १ ते ३० तारखेच्या आत, केंद्र सरकारच्या पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा असतो. ज्याने कोणी हा महिना ठरवला त्याच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार सांगा. आपल्याइतका कडक परीक्षक वर्षात दुसरा नाही. दिल्लीत जो आपल्या हातून सुटून डिसेंबरात पोचला, त्याच्या हयातीला आणखी पुरावा कशाला?

सोय केली नाही असं मात्र म्हणवत नाही. १० नोव्हेंबर २०१४ला 'जीवन प्रमाण' हा डिजिटल दाखला आला, मग अंगठा टेकवून काम व्हायला लागलं. पण जन्मभर फायली उलटून नानांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. २०२१पासून चेहराही चालतो. तेव्हा परवा नानांना बाल्कनीच्या दाराशी बसवलं, उजेडासाठी. उजेड आपण आधीच काढून घेतला होता, म्हणून ट्यूबलाइट लावली.

"नाना, मास्क काढा."
"हवा बघितलीस का बाहेरची?"
"आपण आत आहोत, नाना."
"मग आतली बघ."

मास्क निघाला. आता पापण्यांची उघडझाप करा म्हटल्यावर नानांनी डोळे मिटले ते मिटलेच, आरतीला उभे असल्यासारखे. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, उघडा! नाहीतर भलताच दाखला मिळायचा!" नाना हसले, हसताना खोकला आला, आणि पुढचा अर्धा तास नेब्युलायझरच्या घरघरीत गेला.

हे सगळं मी रजा टाकून करते. केंद्र सरकारी नोकरीत बाईमाणसाला मुलांच्या संगोपनासाठी एकूण ७३० दिवसांची रजा आहे, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. माझा मुलगा अठराचा झाला आणि ती संपली. नानांना अठरा पूर्ण होऊन तर जमाना झाला. आईवडिलांसाठी वेगळी रजा नाही. जुलै २०२५मध्ये राज्यसभेत सांगितलं गेलं की वर्षाची ३० दिवसांची अर्जित रजा वैयक्तिक कारणासाठी, म्हणजे आईवडिलांच्या देखभालीसाठीही, घेता येते. आहे त्याच ताटातलं वाढून घ्या, म्हणजे. शिवाय २००७चा एक कायदा आईवडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंतची कैद सांगतो. टाकून न देणाऱ्यासाठी त्यात काय आहे ते मी शोधतेय.

पुण्याला का जात नाही, असं आपण विचाराल. सगळेच विचारतात. नाना म्हणतात, "तिथे मला ओळखतं कोण?" इथे पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात पाऊल ठेवलं की चार जण खुर्ची देतात, आणि करोल बागेतला वाणी अजून त्यांना 'पाटीलसाब' म्हणतो. आमचं आडनाव जोशी आहे.

तर विनंती अशी की दोन कामं एकाच महिन्यात काढू नयेत. एक तर श्वास कोंडा, नाहीतर दाखला मागा. ऐंशी पूर्ण झालेल्यांना ही मुभा आहेच, त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. नाना ७९ वर्षांचे आहेत, म्हणून यंदा आपल्या तावडीत सापडले. पुढच्या वर्षी आम्ही दसऱ्याच्या आगेमागे दाखला देऊन मोकळे होणार. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचं माणूस आहे, त्यांनीही ऑक्टोबर वाया घालवू नये.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

आपली,
रजेवर असलेली एक मुलगी