कूलरचं तोंड

दारव्ह्यात एप्रिल लागला की स्टाफरूममधली ज्येष्ठता सेवापुस्तकावरून ठरत नाही. कोण कूलरच्या किती जवळ बसतं, यावरून ठरते. अशाच दिवसांत प्राचार्यांनी माझ्यावर कामगिरी सोपवली: कर्मचाऱ्यांचा फीडबॅक घ्या आणि त्यावर कार्यवाही करा.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या नमुन्यात अभिप्रायाला पाच पायऱ्या होत्या. अभिप्राय घेतलाच नाही, ही तळाची. मग नुसता गोळा केला, विश्लेषण केलं, कार्यवाही केली, आणि सर्वांत वर हे सगळं करून संकेतस्थळावरही टाकलं. आम्ही वर्षानुवर्षं गोळा करण्यात तरबेज. गठ्ठ्यांनी कपाटाचं दार लागेना. मला मात्र एकदम वरची पायरी गाठायची होती. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1928 ते 1930 या काळात वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती झाल्या होत्या आणि नुसतं मनातलं बोलायला मिळालं तरी माणसं निवळतात असं तिथल्या संशोधकांना दिसलं, हे मी वाचलं होतं. वाचलं तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

फॉर्म निनावी होते. म्हणजे नाव कुणी लिहिलं नाही, एवढंच. गणिताच्या सरांनी प्रत्येक उत्तराखाली पट्टीनं रेघ मारली होती. मराठीच्या मॅडमनी तिसऱ्या प्रश्नातलं माझं शुद्धलेखन लाल शाईनं सुधारून दिलं होतं. यवतमाळहून अपडाऊन करणाऱ्या एकानं महाविद्यालयाची वेळ एसटीला जुळवून घ्यावी असं सुचवलं, दुसऱ्यानं सरळ शकुंतला पुन्हा सुरू करा म्हणून लिहिलं. ही मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज गाडी आमच्या मोतीबाग स्टेशनावरून जायची. पण ती सुरू करणं माझ्या अधिकारकक्षेत नव्हतं. ‘वरिष्ठ स्तरावर पाठवण्यात आले’ या रकान्यात तिला बसवली. गाडी बसली नाही तरी मागणी बसली.

बहुतेकांची तक्रार मात्र एकच होती: ‘कूलरची हवा एकाच माणसाला लागते. तो पुढं खुर्ची टाकून बसतो. बाकीच्यांना नुसता आवाज.’

प्रत्येकाचं अक्षर मी ओळखलं. तो माणूस मात्र ओळखता येईना. टेबलाला टेकून, अंगावर गार हवा घेत, मी बराच विचार केला. शेवटी त्याला ‘वर्तनविषयक अडथळा’ असं नाव देऊन रंगीत पाय चार्ट काढला आणि कार्यवाहीला लागलो.

खिडकीतला कूलर उतरवून चाकांच्या स्टँडवर खोलीच्या मधोमध आणला. आता हवा सगळ्यांना मिळणार होती. ती आधी चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांना मिळाली. वाणिज्य शाखेचे पेपर इतिहासाच्या टेबलावर गेले आणि तिथं काहींना जास्त गुण पडले, असं नंतर कानावर आलं. बंद खोलीत खसाच्या ताट्यांमधून ओल सुटून घामोळं वाढलं ते वेगळंच. तेवढ्यात कुणीतरी कूलर आपल्याकडं ओढला, दुसऱ्यानं परत ओढला, एक्स्टेन्शनची वायर ताणली गेली आणि बत्ती गुल. पलीकडं आमचे लिपिकभाऊ अमरावती विद्यापीठाचे परीक्षा अर्ज ऑनलाइन भरत होते. त्यांच्या तोंडून जे निघालं, तो मला मिळालेला पहिला तोंडी अभिप्राय. तो संकेतस्थळावर टाकता येण्यासारखा नाही.

फरशीवर सांडलेलं पाणी पुसायला शिपाईभाऊ आले. कूलरच्या टाकीत बादल्यांनी पाणी तेच भरतात. आता मधोमधपर्यंत त्यांच्या खेपा लांबल्या होत्या.

“सर, आमाले फारम नाही भेटला,” ते म्हणाले.

नमुन्यात विद्यार्थी, शिक्षक, नोकरी देणारे आणि माजी विद्यार्थी होते. स्टाफ प्राचार्यांनी घातला होता आणि त्यात कोण येतं, ते मी माझ्या अकलेनं ठरवलं होतं. माझी अक्कल शिक्षक आणि लिपिकांपर्यंतच पोचली होती.

“तोंडी सांगा ना, भाऊ.”

त्यांनी पोछा पिळला. “कूलर पयल्या जागी ठेवा. अन् खुर्ची तुमची हाय, ते उचला तिथून.”

स्टाफरूममध्ये एकदम शांतता पसरली. गणिताच्या सरांना खोकला आला. मराठीच्या मॅडमनी लाल पेनाचं टोपण लावलं.

संध्याकाळी मी अहवाल पूर्ण केला: ‘भागधारकांच्या सूचनेनुसार आसनव्यवस्थेची पुनर्रचना करण्यात आली.’ वरची पायरी हवी होती, म्हणून तो संकेतस्थळावरही टाकला. पुराव्यादाखल फोटो लागतो. भिंतीशी, पंख्याखालीही न येणाऱ्या खुर्चीत, रुमालानं मान पुसत बसलेला तो मीच.