स्वतःची नगरपालिका काढू इच्छिणाऱ्या जोडप्यास अनावृत पत्र

चि. भावी नाखवा आणि सौ. भावी नाखवीण यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, लंडनमधल्या दीड खोलीचं भाडं भरून विटलेल्या तुम्ही उभयतांनी आता रीजंट्स कालव्यावर होडी घेऊन राहायचं ठरवलं आहे, अशी वार्ता गणपतीच्या आरतीनंतर कानावर आली. निर्णय फार सुंदर आहे. होडीच्या किमतीला वर्षाच्या भाड्याने भागून चौथ्या वर्षापासून राहणं फुकट पडतं, असं तुम्ही एक्सेलमध्ये सिद्ध केलंत, हेही कळलं. गणितात खोट काढायला जागा नाही. फक्त त्या तक्त्यात होडी घेतल्यानंतरचा काळ धरलेला नाही, एवढंच.

प्रेरणा व्हिडिओतून मिळाली म्हणे. धुकं, वाफाळता चहा, बदकं. बदकं खरी आहेत, त्याबद्दल शंका नको. होडीच्या बुडाला चिकटलेलं शेवाळ ती पहाटे चोचीने टिपतात आणि ती टकटक थेट उशीत ऐकू येते.

गावी कळवताना मात्र जपून. ‘कालव्यावर राहतो’ म्हटलं की पुण्याच्या मावशीला मुठा कालवा आठवेल आणि ती दोन दिवस नीट जेवणार नाही. तिला सांगा, हा पाटबंधाऱ्याचा कालवा नव्हे. कोळसा आणि चिनीमातीची भांडी वाहून नेण्यासाठी इंग्लंडात अठराव्या शतकापासून असे रस्ते खणले, फक्त पाण्याचे. त्या काळी जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरने पाणी आणि पैसा वाचावा म्हणून ट्रेंट अँड मर्सी कालव्यावरची लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून होडी चढवणारे-उतरवणारे दरवाजांचे हौद, जेमतेम 7 फूट रुंद ठेवली. म्हणून त्यांतून जाणारी नॅरोबोट 6 फूट 10 इंचांची. भिंतींची जाडी वजा केली की आत सहा फूट उरतात. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या काटकसरीत तुम्हाला आता डबल बेड, देव्हारा आणि दोघांचं वर्क फ्रॉम होम बसवायचं आहे. लांबी 57 फूट ठेवलीत तर जवळजवळ सगळे कालवे हिंडता येतात. लंडनमध्ये रुंद होड्याही मिळतात, पण त्या घेतल्यात की मिडलंड्सची अरुंद लॉक कायमची बंद.

आता मुद्द्याचं. तुमची समजूत आहे की तुम्ही घर घेताय. तुम्ही नगरपालिका घेताय. जमिनीवरचा माणूस नळ सोडतो, फ्लश दाबतो, दिवा लावतो आणि त्यापुढचं सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर असतं. होडीवर तो दुसरा कुणीतरी तुम्हीच. पाणीपुरवठा सभापती तुम्ही, विद्युत अभियंता तुम्ही, हंडा मोर्चा घेऊन येणारे नागरिक तुम्ही आणि त्यांना ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ सांगणारा शिपाईही तुम्हीच.

मलनिस्सारण खात्यापासून सुरुवात करतो, कारण होडीवाल्यांच्या कुठल्याही गप्पा, मग त्या शेक्सपिअरवर का सुरू होईनात, दहा मिनिटांत तिथेच येऊन थांबतात. या विषयात तीन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नाही. पहिला कॅसेटवाल्यांचा. संडासाखालून एक पेटी ओढून काढायची, तिच्यात साधारण 20 लिटर मावतं, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. भरली की ती काठाच्या चिखलातून ओढत ठरलेल्या जागी नेऊन ओतायची, धुवायची, परत आणायची. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर हवापाण्यावर बोलायचं. दोघांनाही ठाऊक असतं पेटीत काय आहे, पण इंग्रजी शिष्टाचार मोठा. दुसरा पंथ मोठ्या टाकीवाल्यांचा. ते महिनाभर निर्धास्त असतात, मग पैसे देऊन पंपाने उपसा करून घेतात. कालवा गोठला आणि पंपापर्यंत होडी नेता आली नाही, की त्यांची श्रद्धा डळमळते. तिसरा पंथ कोरड्या, मलमूत्र विलग करणाऱ्या संडासाचा. हे लोक स्वतःला पर्यावरणाचे वारकरी मानतात. पण ताजा ऐवज पिशवीत बांधून कालव्याच्या कचराकुंडीत टाकायची सोय कालवे सांभाळणाऱ्या ट्रस्टने 2021 अखेर बंद केली. आता त्याचं खत होईपर्यंत महिनोन्‌महिने तो सोबत बाळगावा लागतो. घर सहा फूट रुंद आहे, हे इथे पुन्हा आठवावं.

आईवडील व्हिसावर सहा महिने राहायला येतील, तेव्हा कॅसेटचं गणित तेवढं त्या एक्सेलमध्ये घालून पाहा.

पाण्याचं त्या मानाने सोपं. टाकी पाचशे लिटरच्या आसपास. मराठवाड्यातल्या माणसाला टँकरची वाट पाहणं नवं नाही; इथे टँकरच नळाकडे जातो आणि पुढच्या होडीचं भरून होईपर्यंत रांगेत उभा राहतो. विजेचं मात्र चांगलं खटलं आहे. जूनमध्ये छतावरचे सोलर पॅनेल इतकं देतात की तुम्ही नातेवाइकांना फोन करून करून सांगाल. डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आतच मावळतो आणि दिवसभर तरी कुठे उगवलेला असतो! मग बॅटऱ्या भरायला इंजिन चालवायचं, तेही रात्री 8 ते सकाळी 8 बंद ठेवून, कारण शेजाऱ्यांना झोप असते. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याखाली उतरू दिल्यात की त्या लवकर दम तोडतात. थोडक्यात, इडलीचं पीठ वाटायचं असेल तर आधी डिझेल इंजिन सुरू करायचं. ते डिझेल विकत घेताना किती होडी हाकायला आणि किती घर ऊबदार ठेवायला, हे तुम्हीच जाहीर करायचं असतं, कारण दोहोंवरचा कर वेगळा. रूढ उत्तर 60 आणि 40 असं आहे. होडी वर्षभर एकाच खुंट्याला बांधलेली असली तरी.

आणि शेगडी. धूर न करणाऱ्या कोळशाच्या गोण्या छतावर रचायच्या, रात्री निखारे दाबून ठेवायचे, सकाळी राख काढायची. आपल्या पणजीला हे सगळं येत होतं. तिला फक्त कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठाऊक नव्हता. तो 2019 पासून होडीवर सक्तीचा आहे आणि योग्यच आहे. बंद डब्यात जळणारा कोळसा आवाज न करता माणसं मारतो, त्यात विनोद नाही. धुराचा अलार्म मात्र निराळा. तो हिंग-मोहरीच्या फोडणीला दाद देतो, दर वेळी. भाताची वाफ थंड पोलादावर जाऊन बसते आणि रात्री थेंबाथेंबाने परत येते, म्हणजे तुमच्याच आमटीचा पाऊस तुमच्याच पांघरुणावर.

आता बूड. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण होडी विकणारा दलाल इथे भरभर बोलतो. नेहमीच्या नॅरोबोटीच्या तळाचा पत्रा 10 मिलिमीटर, बाजू 6 आणि केबिन 4. हे आकडे ती नवी असतानाचे. तिथून पुढे गंज हा तुमचा भागीदार. तो रविवारीही कामावर असतो. दर दोन-तीन वर्षांनी होडी पाण्याबाहेर काढायची: क्रेनने, उतारावरून ओढून, नाहीतर कोरड्या गोदीत. जोराच्या फवाऱ्याने शेवाळ उडवायचं आणि डांबराचे हात द्यायचे. याला ब्लॅकिंग म्हणतात. पैसे वाचवायला तुम्ही ते स्वतः कराल, आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत तुमच्या नखांत डांबर दिसेल. इपॉक्सीचा लेप जास्त वर्षं टिकतो, महागही तितकाच. ही गोष्ट लंडनमधल्या कुणाला विचारण्याआधी वर्सोव्याच्या एखाद्या नाखव्याला विचारली असतीत तर बरं. पावसाळ्याच्या बंदीत होडी किनाऱ्यावर ओढून, डागडुजी करून, नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाली की ती पुन्हा पाण्यात. सांभाळायचा खर्च तो किंमत म्हणत नाही, तो त्याला होडीच म्हणतो.

बुडाला मॅग्नेशियमच्या लगडी जोडलेल्या असतात. त्यांचं काम झिजणं. पाण्यातली विद्युत-रासायनिक खाज त्या स्वतःवर घेतात म्हणून पोलाद वाचतं. प्रत्येक मोठ्या कुटुंबात अशी एखादी अविवाहित आत्या असते. मरिनात किनाऱ्याची वीज जोडलीत की अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या सगळ्या होड्यांशी तुमचा संबंध जुळतो आणि तुमची आत्या त्यांच्यासाठीही झिजू लागते. त्यावर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचा उपाय आहे. तो बसवलेला आहे की नाही हे खरेदीआधी विचारा. दलाल ‘बहुधा’ म्हणेल. मग स्वतःचा सर्व्हेअर नेमा. तो हातोडी आणि अल्ट्रासाउंड घेऊन बुडाखाली फिरेल आणि पत्रा 4 मिलिमीटरच्या खाली गेलेल्या जागा खडूने दाखवील. विमावाल्यांना त्या खडूत फार रस असतो. तिथे नवा पत्रा डकवायचा खर्च ऐकाल, तेव्हा ती दीड खोली आठवेल.

बारीकसारीक सांगत बसत नाही. होडी ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे ग्रीस भरलं नाही की कालवा आत येतो. पंख्यात दोर, चिंध्या, कुणाची तरी पँट अडकते. ती काढायला किल्ली खिशात ठेवून, झडपेतून थंड पाण्यात खांद्यापर्यंत हात घालायचा. झडप परत घट्ट लावायला विसरलात तर होडी बुडते. लॉकमधून उतरताना मागचा भाग दगडी उंबऱ्यावर टेकून राहिला तरी बुडते. डिव्हायझेसजवळ केन हिलला अशी 29 लॉक ओळीने आहेत, हवा चांगली असते.

आणि पत्ता? तो नसतो. कायम बांधायची जागा लंडनमध्ये मिळणं दुर्मीळ आणि परवडणं त्याहून दुर्मीळ, म्हणून तुम्ही ‘सतत फिरते’ व्हाल. 1995 च्या कायद्यानुसार अशी होडी एका जागी सलग 14 दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. किती दूर जायचं, हे मात्र कायद्यात आकड्यात लिहिलेलं नाही. ते ठरवण्यासाठी वकील मंडळी आहेत. अशा होड्यांच्या परवान्यावर एप्रिल 2024 पासून अधिभार बसला आहे, 5 टक्क्यांनी सुरू होऊन 2028 मध्ये 25 पर्यंत चढणारा. शिवाय विमा, आणि दर चार वर्षांनी सुरक्षेचं प्रमाणपत्र. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद. 2025 च्या उन्हाळ्यात तर जलाशय आटले आणि उत्तरेकडे लीड्स-लिव्हरपूल कालव्याचे मोठे पट्टे बंद पडले. फिरायची सक्ती आणि फिरायला पाणी नाही, हा अनुभव आपल्याकडच्या कुठल्याही पालिकेला हेवा वाटावा असा आहे.

या सगळ्या रोमान्सचं मूळ एल. टी. सी. रोल्ट यांच्या 1944 सालच्या ‘नॅरो बोट’ या पुस्तकात आहे. मालवाहतूक मरत होती, कालवे बुजवायच्या गोष्टी चालल्या होत्या, तेव्हा ते वाचून माणसं पेटून उठली, 1946 मध्ये कालवे वाचवायला संघटना उभी राहिली आणि म्हणून आज तुम्हाला होडी लावायला कालवा आहे. ते पुस्तक जरूर वाचा. फक्त वाचताना लक्षात ठेवा, रोल्ट स्वतः इंजिनिअर होते.

होडी बघायला कधी निघताय ते कळवा, मी सर्व्हेअरचा नंबर देतो. घेतलीतच तर पहिल्या पंधरवड्यात आमच्या मागच्या बाजूला बांधा. दोन खुंट्यांची जागा आहे आणि झाडाची सावली नाही, म्हणजे पॅनेलला ऊन मिळेल. ब्लॅकिंगला मी येईन, जुने कपडे आणा. सौ. नाखवीणबाईंना सांगा, फोडणी मागचं दार उघडं ठेवून द्यावी.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला शेजारी
(14 दिवसांपुरता)

ता. क. येताना कॅसेट रिकामी करून या. इथली ओतायची जागा गेल्या आठवड्यापासून बंद आहे आणि तक्रार कुणाकडे करायची, ते वर लिहिलंच आहे.