ओल्या चड्डीची प्रवेशिका (प्रथम)

हा अभ्यासक्रम चार-पाच वर्षांच्या मुलाचे आई-वडील, आजी-आजोबा, सांभाळायला येणाऱ्या मावशी आणि 'आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही' म्हणणारे समस्त शेजारी यांच्यासाठी आहे. मुलाला प्रवेश नाही. त्याचं मूत्राशय आपल्या गतीने तयार होतंय आणि ते कुणाची भाषणं ऐकत नाही. साहित्य : दोन जादा चादरी, दोन मेणकापडं, खायच्या सोड्याचा मोठा पुडा, एक पाट आणि गप्प बसण्याची सवय. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, घरीच करावी लागते.

धडा पहिला : घटना घडल्यावर

चिरंजीव हॉलच्या मधोमध पाय फाकवून उभे आहेत. डावा मोजा गडद झालाय आणि ते स्वतःच खाली वाकून, हे कुणाचं, अशा चेहऱ्याने पाहतायत. अशा वेळी नवशिक्याच्या तोंडून हमखास निघणारी वाक्यं तीन : 'सांगता येत नव्हतं का?', 'आत्ताच विचारलं होतं ना मी?' आणि 'एवढा मोठा घोडा झालास!' पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर 'नाही' असं आहे, दुसऱ्याचं 'हो, पण तेव्हा आली नव्हती', आणि तिसरा प्रश्नच नाही.

योग्य वाक्य : 'चल, चड्डी बदलू.' विजेचं बिल वाचून दाखवताना असतो तेवढाच भाव आवाजात असावा. ओली चड्डी बादलीत टाकणं आणि कपाटातून कोरडी आणणं ही कामं चिरंजीवांची. शिक्षा म्हणून नव्हे. ज्याची चड्डी त्याने बदलावी, एवढंच. फरशी आपण पुसावी, न पुटपुटता.

गादीचं प्रकरण वेगळं. आधी जुन्या पंच्याने दाबून दाबून ओल टिपून घ्यावी, घासू नये. मग थंड पाण्याचा हात फिरवावा, वर सोडा भुरभुरावा आणि पूर्ण वाळल्यावर झटकावा. गरम पाणी ओतलं तर वासाचा मुक्काम वाढतो. गादी गॅलरीत उन्हाला टाकताना नकाशा आतल्या बाजूला ठेवावा. समोरच्या विंगमध्ये भूगोलाची आवड असणारे बरेच असतात.

धडा दुसरा : मापं

मुलाच्या मूत्राशयाची क्षमता काढायचं डॉक्टर लोकांचं एक ढोबळ सूत्र आहे : वयात एक मिळवा, तिसाने गुणा, उत्तर मिलिलिटरमध्ये. म्हणजे चार वर्षांच्या मुलाचे दीडशे. सकाळी त्याच्या मागे धावून धावून आपण जो दुधाचा ग्लास संपवतो, तो दोनशेचा असतो. पुढचं गणित वाचकांनी करावं.

शिवाय खेळात रमलेल्या मुलाला मूत्राशयाचा निरोप पोचतो, पण तो वाचायला वेळ नसतो. मग शरीर परस्पर उपाय करतं. गाड्यांची रांग लावता लावता मूल एकदम उकिडवं बसतं, एक टाच बुडाखाली घट्ट दाबून धरतं आणि अतिशय गंभीर होतं. घरचे म्हणतात, 'बघा, कसा शांत बसलाय!' तो शांत नाही, त्याने धरून ठेवलीय. मांड्या आवळून नाचणं, चड्डीला हात लावणं हीही त्याच भाषेतली वाक्यं आहेत.

अशा वेळी 'शू आली का?' असं विचारू नये. या प्रश्नाला मुलांचं एकच उत्तर असतं, आणि ते 'नाही' असं असतं. 'चला, शूची वेळ झाली' असं जाहीर करावं आणि चालायला लागावं. दर दोन-अडीच तासांनी, बाहेर पडण्याआधी, झोपण्याआधी आणि शाळेतून आल्या आल्या. हे शेवटचं विशेष. शाळेच्या संडासात पाऊल टाकायला नको म्हणून दिवसभर धरून ठेवलेली शू घराचं दार दिसलं की बंड करते. कुलपात किल्ली फिरत असतानाच पायरीवर धार लागते. म्हणून आधी बाथरूम, मग बूट, मग 'आज डब्यात काय उरवलंस'.

धडा तिसरा : मागचं दार

हा धडा सगळेच गाळतात. सारखी शू होते म्हणून आपण पुढच्या दारावर पहारा ठेवतो आणि चोर मागच्या दाराशी बसलेला असतो. त्याचं नाव बद्धकोष्ठ.

मलाशय आणि मूत्राशय शेजारी-शेजारी राहतात. मलाशयात चार दिवसांचा माल साठला की मूत्राशयाला पाय पसरायला जागा उरत नाही; ते लवकर भरतं, अवेळी आकुंचन पावतं, आणि चड्डी ओली होते. मुलाला एकदा कडक शी होऊन दुखलं की ते ठरवतं, आता करायचीच नाही. पडद्यामागे जाऊन टाचा उंचावतं, लाल होतं, घाम येतो. आपण म्हणतो, जोर करतोय बिचारा. तो आत ढकलतोय! जितकी ठेवावी तितकी ती कडक होते, आणि जितकी कडक तितकी पुढच्या वेळी दुखते.

यापुढचा टप्पा आई-वडिलांना सर्वांत जास्त चिडवणारा. चड्डीला दिवसातून चार वेळा पातळ डाग दिसू लागतात आणि मूल म्हणतं, 'मला कळलंच नाही.' ते खरं बोलतंय. आतला गोळा अडकून बसलेला असतो, ताणून ताणून मलाशयाची संवेदना बोथट झालेली असते, आणि गोळ्याच्या कडेकडेने पातळ शी पाझरते. घरात मात्र निदान होतं जुलाबाचं. पपई बंद, पेरू बंद, वरणभात-दही चालू. म्हणजे आगीत तेल. अशा वेळी मुलांच्या डॉक्टरांकडे जावं. आधी साठा मोकळा करायचा आणि मग शी मऊ ठेवणारं औषध पुष्कळदा काही महिने घ्यायचं असतं. आठवड्यात बरं वाटलं म्हणून बाटली फडताळात गेली की चोर पुन्हा हजर.

रोज शी होते म्हणजे पोट साफ आहे, असंही समजू नये. लेंड्या पडत असतील, किंवा कमोड तुंबेल एवढी मोठी होत असेल, तर दोन्हींचा अर्थ एकच. घरगुती बाजूला भाकरी, पालेभाजी, पेरू, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका आणि दिवसा भरपूर पाणी. दूध मात्र आवरावं. हे आज्यांना सांगण्याची जबाबदारी अभ्यासक्रम घेत नाही.

आता पाट. मोठ्यांच्या कमोडवर बसवलेल्या मुलाचे पाय अधांतरी लोंबतात आणि त्याचं सगळं लक्ष आत न पडण्याकडे लागतं. पायाखाली पाट किंवा स्टूल ठेवावं, गुडघे कमरेच्या वर यावेत, कमोडवर छोटी सीट बसवावी. देशी संडासात हा प्रश्न येत नाही. तिथे अंधाराची आणि झुरळाची भीती असते, तेव्हा दिवा लावून दार किलकिलं ठेवावं. जेवणानंतर आतड्यांना आपोआप चालना मिळते, म्हणून नाश्ता किंवा जेवण झालं की पाच-दहा मिनिटं बसवावं. झाली तर छान, नाही झाली तरी बसल्याबद्दल शाबासकी. फ्लश मूल बाहेर आल्यावर ओढावा. तो आवाज ऐकून संडासच नको म्हणणारी मुलं आहेत.

धडा चौथा : रात्र

पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत रात्रीच्या ओल्या अंथरुणाला वैद्यक आजार म्हणत नाही. पाचव्या वर्षीसुद्धा साधारण सहा-सात मुलांमागे एकाचं अंथरूण ओलं होतं, आणि पुढे दर वर्षी त्यातली काही मुलं आपसूक कोरडी होत जातात. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदू एक संप्रेरक सोडतो. काही मुलांत ते कमी पडतं, आणि झोप अशी की ढोल वाजवला तरी उठणार नाहीत. यात आळस कुठे आला?

शिवाय हे घराण्यातून येतं. आई किंवा वडील यांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात चव्वेचाळीस, दोघांना असेल तर सत्त्याहत्तर, असे आकडे वैद्यकाच्या पुस्तकांत देतात. तेव्हा चिरंजीवांना झापण्यापूर्वी आजीला विचारावं. आजी बाबांचा सारा इतिहास तारीखवार सांगते आणि बाबा तत्काळ दुसऱ्या खोलीत जातात.

त्याच आजीने काळे तीळ आणि गुळाचा लाडू सुचवला तर खुशाल द्यावा. चवीला चांगला असतो. मात्र तिळाला यश देताना वाढतं वयही हिशेबात धरावं. मुलाला दिवसभर तहानलेलं ठेवू नये. संध्याकाळनंतर पाणी बेताने. चहा-बिस्किटाची सवय सोडवावी, कारण चहा लघवीला उभारी देतो. रात्री दोन वाजता झोपेतच उचलून मोरीत उभं करण्याने चादर वाचते, मूल काही शिकत नाही. त्यापेक्षा गादीवर मेणकापड, चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि चादर असे दोन थर घालावेत. रात्री वरचा थर ओढून काढायचा आणि झोपायचं.

सहा-सात वर्षांनंतरही थांबलं नाही तर ओल लागताच वाजणारी घंटा हा चांगला उपाय आहे. माइनहार्ड फाउंडलर या बालरोगतज्ज्ञांनी १९०४ च्या सुमारास तसली घंटा बसवली ती इस्पितळातल्या परिचारिकांना चादर बदलायची वेळ कळावी म्हणून. पण तिच्या आवाजाने हळूहळू मुलंच कोरडी राहू लागली. दोन-तीन महिने धीर लागतो. सुरुवातीला घंटेने सगळं घर जागं होतं, फक्त मूल सोडून. त्याला आपण उठवायचं.

एक अपवाद, आणि इथे गंमत बाजूला. सहा महिने कोरडं असलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं, भारी तहान लागून वजन उतरलं, लघवीला जळजळ किंवा ताप आला, पाय लुळे वाटले, सतत थेंबथेंब गळत असेल, तर तीळ नव्हे, डॉक्टर. तहान आणि घटतं वजन असेल तर त्याच दिवशी.

धडा पाचवा : शाळा आणि लग्न

शाळेत करंगळी दाखवली की सोडा, एवढं बाईंना आधीच सांगून ठेवावं, मुलासमोर नव्हे. दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत चड्डी, पँट, मोजे. कपडे नाडी-इलॅस्टिकचे. लग्नाला मात्र सर्व शिकवण विसरून आपण चिरंजीवांना शेरवानी, चुडीदार आणि आतून तीन गाठींची नाडी चढवतो, आणि अक्षता पडायच्या वेळी त्याला शू येते.

तोंडी परीक्षा

प्रश्न एकच. पाहुण्या आत्या मुलासमोर, खणखणीत आवाजात विचारतात : 'काय गं, अजून अंथरुणात करतो का हा?'

उत्तर : 'आत्या, चहात साखर किती घालू?' पूर्ण गुण.